महासीर : बीज सोडण्यापूर्वी नदी ओळखा

नदीतील मासे वाढवावयाचे म्हणजे बाहेरून बीज आणून सोडावयाचे, अशी पुष्कळांची समजूत आहे. शेततळ्यात कटला, रोहू व मृगळ सोडणाऱ्या शेतकऱ्यापुरती ती बरोबर आहे. कारण शेततळे हे त्याचे शेतच होय. नदीची गोष्ट निराळी. तेथे पूर्वीपासून कोण राहत आहे हे पाहिल्यावाचून बीज सोडले असता काय घडते, हे कावेरी नदीच्या उदाहरणावरून कळते. त्या हकिकतीचा एक धागा आपल्या लोणावळ्यापर्यंत येतो, म्हणून ती येथे विस्ताराने देत आहे.

महासीर हा मोठ्या खवल्यांचा, वाहत्या व स्वच्छ पाण्याचा मासा. कर्नल साइक्स याने १८३९ साली दख्खनी महासीराचे शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून. गळाला लागल्यावर हा मासा प्रवाहात इतकी झुंज देतो की, हौशी गळकरी त्यासाठी दूरदेशाहून येत. १९४६ साली काबिनी नदीत गळाने धरलेला महासीर १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो भरला होता. काबिनी ही कावेरीची उपनदी होय.

पुढे धरणे झाली, सुरुंग लावून मासे मारणे वाढले आणि महासीर सर्वत्र दुर्मिळ होऊ लागला. तेव्हा लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर १९७० नंतरच्या दशकात दख्खनी महासीराची कृत्रिम पैदास सुरू झाली. पावसाळ्यात नर-मादी धरून, हलक्या हाताने पोट दाबून अंडी व मिल्ट काढावयाचे, दोन्ही एकत्र मिसळावयाचे आणि फलित अंडी वाहत्या पाण्यात पसरून ठेवावयाची, अशी ही रीत. महासीराची अंडी रोहूच्या मानाने फारच थोडी असतात. म्हणून या कामाचे महत्त्व मोठे. तेथील बीज अनेक राज्यांस गेले व दख्खनी महासीर कावेरीतही सोडला गेला. हेतू चांगलाच होता. परंतु कावेरीत स्वतःचा एक महासीर होता. त्याच्या पाठीवर उंचवटा असे, म्हणून त्यास कुबडा महासीर म्हणत. तो वेगळ्या जातीचा आहे हे तेव्हा निश्चित झालेले नव्हते.

आता मत्स्यशास्त्रज्ञाचे काम पाहा. कावेरीकाठच्या गळाच्या तळावर मासा मोजून पुन्हा पाण्यात सोडण्याची व नोंद ठेवण्याची पद्धत होती. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या. गळकऱ्यांना मासे भरपूर मिळत होते, म्हणून कोणाची तक्रार नव्हती. परंतु जातवार हिशेब मांडताच दिसले की, वाढ झाली ती निळसर परांच्या दख्खनी महासीराची. कुबडा महासीर मात्र वर्षानुवर्षे कमी लागत होता आणि जो लागे त्याचे सरासरी वजन वाढत होते.

वजन वाढले म्हणजे मासा सुखी आहे असे वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण एखाद्या गोठ्यात सर्व गाई मोठ्या व वयस्क आहेत आणि वासरू एकही नाही, तर त्या गोठ्याचे पुढे काय होणार? नदीतही तेच घडत होते. जुने मासे उरले होते व लहान पिल्ले भर घालीत नव्हती. एकूण माशांचा आकडा पाहणाऱ्यास हे कधीच दिसले नसते.

२०१८ साली या कुबड्या माशाची ओळख टॉर रेमादेवी या नावाने पक्की झाली व त्याच वर्षी जागतिक यादीत त्यास अतिसंकटग्रस्त ठरविण्यात आले. लोणावळ्याचा दख्खनी महासीर मात्र पुढे संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आला. एकाच नदीत एक वाचला व दुसरा बुडू लागला. कावेरीच्या अभयारण्यातील गळाचा खेळ २०१२ साली बंद झाला, तसा हा नोंदींचा ओघही थांबला. माझ्या मते हे नुकसानच झाले. मासा जिवंत सोडणारा गळकरी नदीचा फुकटचा पहारेकरी असतो.

ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी यातून आपल्या गावापुरते काय करावे? ओढ्यात किंवा नदीत कोणतेही बीज सोडण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय खात्यास विचारावे. शेततळ्याच्या सांडव्यास बारीक जाळी बसवावी. तिलापियासारखा परका मासा पुरात नदीस मिळाला की परत काढता येत नाही. आफ्रिकन मागूर तर पाळूच नये, त्यास बंदी आहे. सुरुंग व विष यांनी मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. रायगड जिल्ह्यात वाळणकोंडासारख्या डोहात लोकांनी श्रद्धेने मासे राखले आहेत. असा डोह गावात असेल तर त्याच्या वरच्या अंगाची खडी व गोटे उपसू देऊ नयेत, कारण महासीर अंडी घालतो तो अशाच जागी.

शिवाय एक वही ठेवावी. तीत तारीख, डोहाचे नाव, गळ किंवा जाळे किती तास टाकले, कोणता मासा, लांबी व वजन एवढे लिहावे. जात ओळखू न आल्यास मासा आडवा धरून, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे व लगेच पाण्यात सोडावा. दिवसभरात काहीच लागले नाही, तरी तास लिहून पुढे शून्य मांडावे. पुष्कळ लोक ही ओळ गाळतात आणि मग हिशेब चुकतो.