आहेराची हरवलेली ओळ

'कृपया आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत' ही ओळ लग्नपत्रिकेत सगळ्यात खाली आणि सगळ्यात बारीक टायपात असते. माझ्या हातून छापून गेलेल्या ४०० पत्रिकांत ती नव्हतीच.

पत्रिकेसाठी मी एक तयार व्हेक्टर डिझाइन विकत घेतलं होतं. केळीचे खुंट, सनईवाले, वर झेंडूच्या तोरणाची महिरप. कोरलड्रॉमध्ये फाइल उघडताच फॉन्ट सापडत नसल्याची खिडकी आली. मी न वाचता ओके दाबलं. कोरलने जो भलताच फॉन्ट लावला तो काढून 'मुक्ता' लावला, मजकूर भरला आणि वधूपित्यांना व्हॉट्सॲपवर प्रूफ पाठवलं. काकांनी रात्रीच होकार दिला. तीच सीडीआर फाइल मी सकाळी जशीच्या तशी प्रेसला धाडली. तिथल्या मशीनवर मुक्ता नव्हता. तिथेही तीच खिडकी आली, ऑपरेटरनेही ओकेच दाबलं. आलेला फॉन्ट अंगाने रुंद, म्हणून शेवटच्या मजकुराच्या चार ओळींच्या पाच झाल्या आणि पाचवी चौकटीत मावली नाही. न मावलेला मजकूर दिसत नाही आणि छापलाही जात नाही. अक्षरांचा चिवडा झाला असता तर ऑपरेटर थांबला असता. मराठी स्वच्छ वाचता येत होतं, तिथेच घात झाला.

चूक त्याची नव्हे, माझी. त्या खिडकीत फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं. ओके दाबण्याआधी ते कागदावर उतरवून घ्या किंवा मोबाइलने फोटो काढा. कायमचा बदल स्वीकारून फाइल सेव्ह केली की मूळ नाव गेलंच समजा. म्हणून विकत घेतलेली फाइल आधी कॉपी करायची आणि कॉपीवरच काम करायचं.

नाव निसटलंच तर हुडकायच्या जागा आहेत. इलस्ट्रेटरच्या टाइप मेनूतल्या 'फाइंड/रिप्लेस फॉन्ट'मध्ये नसलेले फॉन्टही यादीत दिसतात. पीडीएफ असेल तर ॲक्रोबॅटच्या डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये 'फॉन्ट्स' हा भाग पाहा. एसव्हीजी फाइल तर मी सरळ नोटपॅडमध्ये उघडतो आणि 'फॉन्ट-फॅमिली' शोधतो. त्यात अक्षरं जिवंत असली तर नाव तिथेच बसलेलं असतं. झिपमध्ये आलेली टेक्स्ट फाइलही वाचा. ती कोणी उघडत नाही, मीही उघडत नव्हतो. नमुन्यात वापरलेले फॉन्ट कोणते आणि ते सोबत दिलेले नाहीत, हे बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं.

टेक्स्ट टूलने टिचकी मारूनही अक्षरांत कर्सर लुकलुकला नाही तर ती अक्षरं नव्हेत, कर्व्ह आहेत. फाइलमध्ये फॉन्टचं नाव उरलेलंच नाही. रोमन अक्षरं असतील तर चित्र कापून 'व्हॉट द फॉन्ट'सारख्या सेवेला दाखवावं, जवळपासची नावं मिळतात. देवनागरीत मी त्या उत्तरावर विसंबत नाही. अ, झ, ण, ल, श ही अक्षरं मोठी करून डोळ्यांनी जुळवतो. त्यातही ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हे आधी पाहतो. पत्रिका आजीच्या हातात जाणार असते आणि आजीला हिंदी वळणाचा ल खटकतो.

जुन्या फायलींची गत वेगळी. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. अशा मजकुराला युनिकोड फॉन्ट लावला की पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा उभा राहतो. तिथे फॉन्ट बदलून भागत नाही. मजकूर कन्व्हर्टरमधून काढावा, नाहीतर पुन्हा टाइप करावा. कन्व्हर्टरमधून काढल्यावर 'दुसऱ्या', 'कऱ्हाड', 'श्री' हे शब्द हटकून तपासा, कारण ऱ्याचा र्या झाला तरी चटकन लक्षात येत नाही. इलस्ट्रेटरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली तर फॉन्टला शिव्या देऊ नका. परिच्छेदाला दक्षिण आशियाई कंपोझर लावा, वेलांटी जागेवर येते.

आणखी एक गैरसमज माझाही होता. डिझाइनचे पैसे भरले म्हणजे फॉन्टचेही भरले असं होत नाही. दोन्हींचे परवाने वेगळे. मित्राच्या पेनड्राइव्हमधून आलेला फॉन्ट गिऱ्हाइकाच्या कामात वापरणं म्हणजे उसन्या दागिन्यांवर स्वतःचं नाव कोरणं. मूळ फॉन्ट विकत घेण्याइतकं काम मोठं नसेल तर मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्ता, बालू हे फॉन्ट खुल्या परवान्यात मिळतात, छापील धंद्याच्या कामालाही चालतात. मात्र फॉन्ट बदलला की अक्षरांची रुंदी बदलते, ओळी हलतात. प्रत्येक चौकट तपासा. मजकूर मावत नसेल तर कोरल चौकटीची कड लाल तुटक रेघेने दाखवतं, इलस्ट्रेटर कोपऱ्यात लाल अधिकचिन्ह दाखवतं. तेवढंसं लाल पाहिलं असतं तर प्रेसवाल्याने मला फोन केला असता.

आता प्रेसला फाइल देण्याआधी मी दोन प्रती करतो. एक जिवंत अक्षरांची, माझ्याकडे. नावातली वेलांटी बदला म्हणून फोन हमखास येतो. दुसऱ्या प्रतीत सगळं निवडून कंट्रोल-क्यू मारतो, म्हणजे अक्षरांचे कर्व्ह होतात, मग तिची पीडीएफ काढतो आणि प्रूफ त्या पीडीएफचंच पाठवतो. जे मंजूर होतं तेच छापायला जातं.

काकांचा फोन पत्रिका वाटून झाल्यावर आला. "अहो, ती शेवटची ओळ कुठे गेली?" मी खरं काय ते सांगितलं. लग्नात सतरा लेमन सेट आले. काकांनी बिल पूर्ण दिलं, आणि त्यातला एक सेट मला.