ऐकून घेणाऱ्याची जबाबदारी



कर्ज, नापिकी, घरातली दारू, मुलीचे मोडलेले लग्न. ओझे सोसेनासे झाले की आपण कोणाजवळ तरी मन मोकळे करतो. पूर्वी तो शेजारी असायचा, एखादी सिस्टर किंवा फादर असायचे. आता समुपदेशक आणि ‘लाइफ कोच’ही आहेत. बोलणे चांगलेच, पण ऐकणाऱ्याचे चुकले तर त्याला जाब कोण विचारणार, हे आपण आधी पाहत नाही.

मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, त्याची तक्रार वैद्यकीय परिषदेकडे करता येते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ‘लाइफ कोच’ ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो.

मग पदवी नसलेल्याने कोणाला धीर देऊच नये का? तसे नाही. आपल्याच विभागातील अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी नैराश्याने ग्रासलेल्यांना आधार द्यायचा, असे ठरले. पूर्वी अशा शंभरांपैकी जेमतेम चार जण मदत घेत. १८ महिन्यांनी ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ही माणसे एकटी नव्हती, हे महत्त्वाचे. त्यांच्या वर प्रशिक्षित समुपदेशक होते, आणि आजार गंभीर दिसला तर रुग्णाला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे होते. २०१५ साली बुलडाण्यासह १४ जिल्ह्यांत सुरू झालेल्या शासनाच्या ‘प्रेरणा प्रकल्पा’तही आशाताईंनी घरोघरी विचारपूस करायची आणि पुढचे काम आरोग्य यंत्रणेने करायचे, अशीच रचना होती. आपली मर्यादा ओळखून पुढे पाठवणे ही कमीपणाची गोष्ट नाही.

गुप्ततेचे तर आपल्याला फार जवळून कळायला हवे. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू कोणत्याही कारणासाठी उघड करू शकत नाहीत. उपचार घेणाऱ्या रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही बंधनकारक केले आहे. जिवाला धोका असेल तर अपवाद आहे. प्रार्थनागटातला प्रमुख किंवा धर्मशिक्षक मात्र अशा कोणत्याच नियमाने बांधलेला नसतो. म्हणूनच “अमकीच्या संसारासाठी प्रार्थना करा” असे म्हणत कोणाचे तरी घरातले दुःख चार लोकांत पोहोचते. हेतू चांगला असतो, पण त्या बाईचा विश्वास कायमचा जातो.

आणखी एक गोष्ट गंभीर वाटते. “गोळ्या बंद करा, प्रार्थना पुरे आहे” असे सांगण्याचा अधिकार डॉक्टरवाचून कोणालाही नाही. औषध एकाएकी थांबवल्याने आजार उलटू शकतो. मदतीच्या बदल्यात उसने पैसे मागणारा, घरच्यांना काही सांगू नका म्हणणारा, दार लावून एकांतात भेटण्याचा आग्रह धरणारा मार्गदर्शक कितीही गोड बोलत असला तरी तिथून उठावे, आणि घरी सांगावे.

कोणी जीव देण्याची भाषा केली तर “कोणाला सांगू नको” हे वचन पाळायचे नसते. त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना कळवावे आणि १४४१६ वर फोन लावावा. ही शासनाची ‘टेली-मानस’ सेवा २०२२ पासून चालू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीत बोलता येते.