पेढे केव्हा वाटावेत?

प्रथम वर्षात असताना माझी एक कथा याच वार्षिकात छापून आली. आईने अंक देवापुढे ठेवला, शेजारीपाजारी पेढे वाटले, आणि मराठीच्या सरांनी भर वर्गात माझे नाव घेतले. त्यानंतर चौदा महिने मला एक ओळही लिहिता आली नाही. उत्तेजन न मिळाल्याने नवोदित लेखक खचतो, हे आपण नेहमी ऐकतो. उत्तेजन मिळाल्यावरही खचता येते, हा अनुभव मात्र मला नवीन होता. कागद पुढे ओढला की पहिल्याच वाक्याला मी विचारी, "तू पेढ्यांच्या लायकीचे आहेस का?" वाक्य बिचारे काय उत्तर देणार?

पुढे धीर करून एक कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवली. होकार आला नाही, नकारही आला नाही. जुन्या लेखकांना निदान 'साभार परत'ची चिठ्ठी तरी येत असे. (परतीची तिकिटे त्यांना स्वतःच्याच पैशांनी जोडावी लागत, ही गोष्ट वेगळी.)

मग यशाचा आनंद मानायचा तरी कशाचा आणि केव्हा? आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाकडे पाहिले तर याबाबतीत काही न्याय दिसत नाही. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या विशीही न गाठलेल्या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली. उलट केशवसुत १९०५ साली वारले, तोवर त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. बहिणाबाई चौधरींना तर लिहितावाचता येत नव्हते. मुलाने, सोपानदेवांनी, जपले म्हणून त्यांचे काव्य उरले. पण बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक निघाले १९५२ मध्ये. सत्कार दुसऱ्यांच्या हाती असतो, आणि तो त्यांच्या सवडीने होतो. त्यावर हुरूप टांगून ठेवणे म्हणजे पावसाच्या भरवशावर पाहुण्यांना आमंत्रण देणे.

अशा मनःस्थितीत असताना ग्रंथालयात इंग्रजीच्या कपाटात अँथनी ट्रोलप या कादंबरीकाराचे आत्मचरित्र हाती लागले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ साली प्रसिद्ध झाले. हा गृहस्थ पोस्टखात्यात नोकरीला होता. पहिली कादंबरी १८४७ साली निघाली, तिची कोणी दखल घेतली नाही. दुसरीच्या ३७५ प्रती छापल्या, १४० खपल्या. प्रकाशकाने नुकसानीचा आकडा कळवून कादंबऱ्यांचा नाद सोडण्याचा सल्ला दिला. तिसरीचे वीस पौंड मिळाले, पण ते आपण खरोखर कमावले असे त्याला वाटले नाही. चौथी 'द वॉर्डन' १८५५ मध्ये आली. तिचे नऊ पौंड, आठ शिलिंग, आठ पेन्स हाती पडले, आणि हीच आपली लेखनाची पहिली कमाई असे तो मानतो. पहिल्या पुस्तकानंतर आठ वर्षांनी! आयुष्यभराच्या लेखनाची त्याची कमाई पुढे ६८ हजार पौंडांच्या वर गेली. परंतु मला गुंतवून ठेवले ते त्या नऊ पौंडांनी. पेन्सपर्यंतचा आकडा माणूस उगाच लक्षात ठेवत नाही.

ही वर्षे त्याने कशी काढली? पुढे त्याने जी पद्धत बसवली तिचे वर्णन त्यानेच केले आहे. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे. उठवून कॉफी आणून देण्यासाठी नोकराला वर्षाला पाच पौंड जादा देई. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे वाचण्यात जाई. नंतर घड्याळ समोर ठेवून पाव तासाला २५० शब्द. आगगाडीच्या डब्यात बसूनही तो पेन्सिलीने लिही. अलेक्झांड्रियाला जाताना समुद्र खवळला, तेव्हा मध्येच उठून ओकून यावे लागले तरी त्याने त्या दिवसाची पाने पुरी केली. कादंबरी हाती घेताना तो एक रोजनिशी आखत असे आणि रोजची पाने तीत मांडत असे. आठवड्याला सरासरी चाळीस. कधी वीस, तर कधी ११२. आळस केला तर रिकामी जागा डोळ्यांपुढे राही.

ही कबुली वाचून अनेक रसिकांचे मन त्याच्यावरून उडाले, असे सांगतात. प्रतिभेचा असा वाणसामानासारखा हिशेब! मलाही तो सर्वस्वी पटत नाही. कवीने पाने मोजणे हास्यास्पद होईल. कथालेखकालाही आकड्याचा मोह फसवतो. मी वही घातली तेव्हा पहिल्याच आठवड्यात, केवळ पान भरावे म्हणून, अर्धे पान पाऊस पाडला होता. कथेत पावसाचे काही काम नव्हते. दुसऱ्या दिवशी तो सगळा खोडला आणि वहीत 'वजा अर्धे' असे लिहिले. ट्रोलपला हे चालले असते की नाही, कोण जाणे.

तरीही या वहीने मला एक सोय करून दिली. पूर्वी माझ्याजवळ दोनच नोंदी होत्या: छापले, नाही छापले. आता मध्ये पुष्कळ नोंदी आल्या. 'चार ओळी.' 'संवाद जमला, शेवट नाही.' 'काही नाही, परीक्षा.' 'काही नाही, कारण नाही.' ही शेवटची नोंद करताना लाज वाटते आणि दुसऱ्या दिवशी हात आपोआप वहीकडे जातो. शिवाय मी आणि माझ्या मैत्रिणीने एक नियम केला आहे. कथेचा पहिला खर्डा पुरा झाला की कॅन्टीनमध्ये चहा आणि भजी. कथा कोणाकडे पाठवण्याच्या आधी, कोणी वाचण्याच्याही आधी. छापून आली तर आई पेढे वाटेलच. त्याला माझी ना नाही. पण भज्यांचा मान पेढ्यांच्या आधीचा.

एकदा मैत्रिणीने विचारले, "खर्डा भिकार असला तर?" मी म्हटले, "तरी भजी." तिने बिल दिले नाही, इतकेच.

दिवाळी अंकाने ज्या कथेला उत्तर दिले नाही, तीच मी पुन्हा लिहायला घेतली आहे. वहीतली आजची नोंद 'पाऊण पान' अशी आहे. कथा एकतिसाव्या पानावर आली असून नायिकेचे वडील अजून एस.टी.तून उतरायचे आहेत.