पडद्यावरील धडा आणि मराठी अक्षर : सीमाभागातील शिक्षकांसाठी काही विचार

अध्यापनात चित्राचे महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. खडू-फळा, तक्ते व नकाशे यांच्या जोडीला आता भ्रमणध्वनी, संगणक आणि प्रोजेक्टर आले आहेत. ही साधने शिकणे म्हणजे केवळ कळा दाबण्यास शिकणे नव्हे. काय दाखवावे, काय गाळावे आणि अक्षर कसे मांडावे, हे शिकणे होय. बेळगाव-निपाणी भागातील मराठी शाळांच्या दृष्टीने या कौशल्याला विशेष महत्त्व आहे.

गरजेचे स्वरूप

पाठ्यपुस्तकाला क्यूआर संकेताची जोड देणारे परितेवाडी (जि. सोलापूर) येथील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ मंच 2017 मध्ये सुरू झाला. तेथील महाराष्ट्राचे मराठी साहित्य बालभारतीच्या पुस्तकांना अनुसरून आहे; बेळगाव जिल्ह्यातील राज्य अभ्यासक्रमाच्या मराठी शाळांत मात्र कर्नाटकाची पाठ्यपुस्तके चालतात. तयार साहित्य येथे जसेच्या तसे लागू पडतेच असे नाही. म्हणून येथील शिक्षकाने आपला धडा स्वतः रचण्यास शिकणे अगत्याचे ठरते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. येथील बालकाला रस्त्यावरील फलकांवर प्रामुख्याने कन्नड लिपी दिसते, तर दूरचित्रवाणीवर बहुधा हिंदी वळणाची देवनागरी. शुद्ध मराठी अक्षराचा नमुना त्याला मुख्यतः शाळेतच मिळतो. पडद्यावरील अक्षर चुकले, तर तीच चूक त्याच्या वहीत उतरते.

अक्षराची निवड

मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या पद्धतीच्या फाँटातील मजकूर दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांत बदलू शकतो. पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ ही मराठी रूपे असलेला फाँट घ्यावा. काही फाँटांत मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्यावर ती मिळतात. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेविषयी 2009 मध्ये व सुधारित स्वरूपात 2022 मध्ये काढलेले निर्णय येथे मार्गदर्शक ठरतील.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत डोंगर आणि समुद्र यांइतके अंतर आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’, हलन्त व ‘य’ या क्रमाने अक्षरे दिल्यास ‘ऱ्य’ उमटते. शोभेसाठी अक्षरांत अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. ओळींतील अंतर मात्र सढळ ठेवावे, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडत नाहीत.

एक उदाहरण

निपाणी परिसरातील शिक्षकाला ‘नदी व उपनदी’ हा पाठ शिकवावयाचा आहे, असे समजू. वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कृष्णेला. संपूर्ण राज्याचा नकाशा दाखविण्याऐवजी प्रथम कागदावर तीन रेषा काढाव्यात. नद्यांची नावे कोपऱ्यातील सूचीत न देता रेषेलगत लिहावीत आणि संगम ठळक करावेत. त्या कागदाचे छायाचित्र घेऊन दोन-तीन मिनिटांचे निवेदन ध्वनिमुद्रित करावे. पहिल्या चित्रात एक नदी, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असा क्रम ठेवल्यास प्रवाहाची दिशा मुलांना सहज उमगते. शेवटी वर्गाच्या मागील बाकावरून ते चित्र पाहावे; तेथून नाव वाचता आले नाही, तर अक्षर मोठे करून मजकूर कमी करावा. दुसऱ्याचे चित्र वापरावयाचे असल्यास परवानगी घ्यावी व श्रेय द्यावे.

हाताचा सराव

येथे प्रथम कागद आणि नंतर यंत्र, हा क्रम हेतुपुरस्सर दिला आहे. बेळगावला चित्रशिक्षणाची परंपरा आहे. येथेच 1935 मध्ये जन्मलेले ख्यातनाम बोधचित्रकार रवी परांजपे (निधन 2022) यांनी चित्रकलेचे धडे बेळगावातच के. बी. कुलकर्णी यांच्याकडे घेतले. निरीक्षण व रेखाटन हा त्या शिक्षणाचा पाया होता. संगणकाने तो पाया अनावश्यक ठरविलेला नाही.

एका शाळेतील शिक्षकांनी दरमहा एकच धडा असा तयार करून शेजारच्या शाळांना दिला, तरी वर्षाअखेर उपयुक्त संग्रह उभा राहील. त्यासाठी महागड्या साधनांपेक्षा नेटक्या अक्षराची व नियमित सरावाची अधिक गरज आहे.