गच्चीवर पवनचक्की बसवावी का?

प्रश्न : पावसाळ्यात उल्हासनगरात वारा सुटतोच. मग गच्चीवर छोटी पवनचक्की बसवून घरची वीज का मिळू नये?

उत्तर : वारा सुटतो खरा, पण पवनचक्कीला तो सलग आणि वेगवान लागतो. वेग दुप्पट झाला, की वाऱ्यातली ऊर्जा आठपट होते. निम्मा झाला, की आठवा हिस्साच उरतो. सगळे गणित इथेच अडते. दाटीवाटीच्या इमारतींत वारा मंदावतो, भोवरे घेतो.

सातारा जिल्ह्यातली चाळकेवाडी, वनकुसवडे ही पठारे मात्र उघडी आणि समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. अरबी समुद्रावरून आलेले मोसमी वारे तिथे मोकाट वाहतात. पाती फिरतात, बहुतेक चक्क्यांत गिअरबॉक्स फेरे वाढवतो आणि जनित्रात वीज तयार होते. वेग सेकंदाला ३-४ मीटर झाला, की निर्मिती सुरू. २५ च्या आसपास पोहोचला, की चक्की सुरक्षेसाठी आपोआप थांबते.

वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त ऊर्जा अशा पात्यांना काढता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शतकापूर्वीच दाखवले. विक्रेत्याने याहून मोठा आकडा सांगितला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे!

उल्हासनगरच्या गच्चीवर सौर पॅनेलच परवडेल.