काळ्या मातीला विचारून पट्टा घाल

वर बसून गवत कापायचं जुनं मोवर स्वस्तात मिळालंय, त्याची चाकं काढून रणगाड्यासारखे पट्टे बसवायचे आणि भर पावसाळ्यात सांवेरच्या शेतापर्यंत जायचं, हा तुझा बेत मला आवडला. पण मोबाइलवर तू जी घरगुती पट्ट्याची मशीनं बघतोस, ती बहुतेक बर्फात नाहीतर रेतीत चालणारी आहेत. बर्फ, रेती बऱ्याच अंशी झडून जातात. माळव्याची काळी माती झडत नाही. ती दातांत बसते, पट्ट्याच्या आतून थर धरते आणि पाहता पाहता हलकं मशीन जड करून टाकते. म्हणून इथलं मशीन आधी चिखल बाहेर टाकण्यासाठी बनवायचं, पुढे जाणं नंतर. मिस्त्रीकडे जाशील तेव्हा त्यालाही हेच पहिलं सांग, कारण तो पहिल्यांदा विचारेल ते गाडी किती पळवायची आहे.

पट्ट्यानं ताकद वाढते हा समज काढून टाक. पट्टा वजन पसरतो, आणि त्याच्या बदल्यात इंजिनाची थोडी ताकद खातो. हिशेब करून बघ. चालताना तुझं ७० किलो वजन एका तळव्यावर येतं, म्हणजे साधारण २०० चौरस सेंटिमीटरवर. दर चौरस सेंटिमीटरला ३५० ग्रॅम झाले. आता मशीन ३०० किलोचं धर, वर तू, एकूण ३७०. त्यातले २७० किलो मागच्या दोन पट्ट्यांवर आले, पट्टा २५ सेंटिमीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर जमिनीला टेकलेला असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ७७ ग्रॅम. जिथे तुझा पाय घोट्यापर्यंत जातो तिथे पट्टा वरच्या वर राहील. लोहामंडीत गेलास की जाड चॅनल घेण्याचा मोह होईल, तेव्हा हा हिशेब खिशात असू दे.

मघापासून मी ‘मागचे दोन पट्टे’ म्हणतोय ते मुद्दाम. पुढची चाकं राहू दे. पट्टे फक्त मागे. यात कमीपणा नाही, पट्ट्याच्या गाड्यांची सुरुवातच अशी झाली. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळची जमीन अशीच मऊ होती, वाफेवरचे अवजड ट्रॅक्टर तिच्यात रुतत. चाकं रुंद करून करून लोक थकले. मग बेंजामिन होल्टनं २४ नोव्हेंबर १९०४ रोजी मागची चाकं काढून तिथे लाकडी फळ्या जोडलेली साखळी फिरवून पाहिली. पुढचं वळणाचं चाक तसंच ठेवलं. पुढे केग्रेस नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं रशियाच्या झारच्या मोटारींना मागून रबरी पट्टे बसवले, आणि त्याच पद्धतीच्या सित्रोएन गाड्या १९३१ मध्ये श्रीनगरहून गिलगिटच्या वाटेनं निघाल्या. जिथे वाट खचलेली तिथे गाड्या सुट्या करून हमालांच्या पाठीवरून नेल्या. त्याही गाड्यांना पुढे चाकंच होती.

पूर्ण पट्ट्याची गाडी वळवायला एका बाजूचा पट्टा थांबवून दुसरा चालवावा लागतो. तुझ्या मोवरला मागे एकच डिफरन्शिअल आहे. एक बाजू ब्रेकनं पूर्ण धरलीस की दुसरी दुप्पट वेगानं धावते, आणि आतल्या त्या चिमुकल्या दातऱ्यांवर सगळा भार येतो. हिरवळीवर फिरायला बनवलेल्या दातऱ्या त्या; काळ्या चिखलात पट्टा आडवा घासायचं काम त्यांना झेपणारं नाही. जागेवर गिरकी घेणारं, दोन्ही चाकांना वेगळी हायड्रोलिक मोटर असलेलं मोवर कधी मिळालं तर पूर्ण पट्ट्याचा विचार कर. त्या वेळी एवढं लक्षात ठेव: पट्ट्याची जमिनीला टेकलेली लांबी ही दोन पट्ट्यांच्या मध्यांतल्या अंतराच्या दीडपटीच्या आसपास असावी. फार लांब केलीस तर गाडी वळणार नाही, फार आखूड केलीस तर सरळ चालणार नाही.

आता तुझ्या मशीनकडे. सीटजवळ खाचा असलेला गिअरचा दांडा आहे, की पायाखालचं पेडल दाबलं की वेग आपोआप वाढतो? दांडा असेल तर नशीबवान आहेस. पेडलवालं हायड्रोस्टॅटिक बागेत सुखाचं असतं, पण सावकाश आणि जोर लावून चालवलं की त्याचं तेल तापतं आणि तापलं की ओढ जाते. चालणार नाही असं नाही. दर थोड्या वेळानं थांबायची सवय ठेवावी लागेल.

गिअरबॉक्स उघडू नकोस. ओढ वाढवायची असेल तर चाक लहान कर, एवढंच. मोवरचं मागचं चाक साधारण ५० सेंटिमीटर व्यासाचं असतं. त्या जागी २० सेंटिमीटरचं स्प्रॉकेट आलं की वेग दोन-पंचमांश होतो आणि ओढ अडीचपट. ताशी ८ किलोमीटर पळणारं मशीन ३ च्या वर जरासं चालेल. चिखलात तेवढं पुरे. एक इंच पिचच्या चेनला २४ दातांचं स्प्रॉकेट घेतलंस तर त्याचा व्यास साडेएकोणीस सेंटिमीटरच्या आसपास येतो, हिशेब तिथेच जुळतो.

पण लहान स्प्रॉकेटनं गाडी खाली बसेल, म्हणून पट्टा त्रिकोणी कर. स्प्रॉकेट वर, धुऱ्यावर. खाली पुढे-मागे दोन आयडलर चाकं, मध्ये एक-दोन लहान रोलर. यात दुसरा फायदा असा की स्प्रॉकेट चिखलाच्या वर राहतं आणि माती दातांतून खाली पडायला जागा मिळते. मात्र त्रिकोण धुऱ्यावर मोकळा सोडलास तर इंजिनाच्या जोरानं तो स्वतःच गरकन फिरू बघेल. त्याला चेसिसशी बांधणारा एक दांडा हवा, थोडा हलू देईल पण उलटू देणार नाही असा. हा दांडा बरेच जण विसरतात, आणि पहिल्याच चढावर पट्ट्याचं नाक आकाशाकडे जातं.

इंजिनाबद्दल पोरांना फार घाई असते. २००७ साली आपल्याच पिथमपूरला कॉलेजच्या मुलांची पहिली ‘बाहा’ स्पर्धा झाली आणि पुढे बरीच वर्षं तिथे भरत राहिली. देशभरातून मुलं स्वतः बनवलेल्या एकट्या माणसाच्या गाड्या घेऊन खड्ड्या-टेकाडांत चार तास पळवायची. बरीच वर्षं त्यात ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० हॉर्सपॉवरचं इंजिन असायचं. गवताच्या मशीनची इंजिनं बनवणारी तीच कंपनी. सगळ्यांना इंजिन सारखं आणि त्यात फेरफार करायला बंदी. मग हार-जीत कशावर ठरायची? वजनावर, गिअरच्या प्रमाणावर आणि कुणाचं वेल्डिंग टिकलं त्यावर. दहा हॉर्सपॉवर कमी पडतात म्हणणाऱ्याला मी नेहमी पिथमपूरची आठवण करून देतो. एक फरक मात्र मोठा आहे. बाहाच्या इंजिनाचा शाफ्ट आडवा असतो, तुझ्या मोवरचा उभा, खाली बेल्ट फिरवणारा. तो आडवा करायच्या भानगडीत पडू नकोस, आत तेल पोचणार नाही. इंजिन, बेल्ट, गिअरबॉक्स आहेत तिथेच राहू दे, आणि इंजिनाचा गव्हर्नर काढून जास्त फिरवू नकोस.

बेल्ट घसरला तर वाईट वाटून घेऊ नकोस आणि कसून तर मुळीच टाकू नकोस. पट्टा दगडात अडकला की आधी बेल्ट घसरायला हवा. तो घसरतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो. फक्त पाणी उडून घसरू नये यासाठी खालून पत्र्याचं झाकण कर. हवेवर थंड होणारं इंजिन आहे, त्याच्या पाकळ्यांत चिखल वाळला की ते तापतं. घरी आल्यावर आधी त्या साफ कर. आणि उतार १५ अंशांपेक्षा जास्त नको. मोवरवाल्या कंपन्याच तसं सांगतात, आणि पट्टे लावल्यानं इंजिनातलं तेल शहाणं होत नाही. जानापावच्या डोंगरावर चढवून दाखवायची हौस दुसऱ्या कशानं तरी भागव.

पट्टा कशाचा करायचा? भात कापायच्या हार्वेस्टरचा जुना रबरी पट्टा मिळतो, पण तुझ्या मशीनला तो जड आणि रुंद. मी दोन समांतर रोलर चेन आणि त्यांवर आडव्या पट्ट्या याच बाजूचा आहे. सियागंजात बेअरिंगवाल्यांकडे कान असलेली चेन माग; दर चौथ्या कडीला कान, म्हणजे पट्ट्या १० सेंटिमीटरवर येतील. चारी चेन एकाच मालातल्या घे आणि कड्यांची संख्या सम ठेव. विषम झाली की अर्धी कडी घालावी लागते, आणि चेन तुटते ती नेमकी तिथेच. एका पट्ट्याची दोन स्प्रॉकेटं शाफ्टवर दातासमोर दात अशी बसव, नाहीतर आडव्या पट्ट्या तिरक्या धावतील.

आडव्या पट्ट्या बाभळीच्या. हसू नकोस. बैलगाडीच्या चाकाला जे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या चाललं ते तुझ्या ३०० किलोंना चालेल. शिवाय दगडावर आपटली की फळी तुटते आणि चेन वाचते. दोन बोल्ट काढून नवी फळी लावायला शेतातही वेळ लागत नाही. लोखंडी अँगल वाकला तर तो घेऊन शहरात सांवेर रोडच्या वर्कशॉपला यावं लागेल. फळीची उंची दोन-अडीच सेंटिमीटरच असू दे, जास्त उंच केलीस की तेवढी जास्त माती उचलते. मधल्या जागेवर कन्व्हेअर बेल्ट सलग मढवू नकोस. फटी राहू देत, चिखलाला जायला दार हवं.

चेनचा ताण कोरड्यात बघून ठरवू नकोस. आतून माती बसली की पट्टा आपोआप आवळला जातो, आणि आवळला की बेअरिंग जातं. म्हणून पावसाळ्यात जरा सैल ठेव, हातानं दाबल्यावर मधोमध दोन-तीन सेंटिमीटर खाली जाईल इतपत. फार सैल नको, वळताना उतरेल. पट्टा वारंवार उतरत असेल तर दोष ताणाचा कमी आणि चौकटीचा जास्त असतो. वेल्डिंग पक्कं करण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीनं मोज, आणि स्प्रॉकेट-आयडलर एका सुतळीत आहेत ना ते बघ. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी सोडवून बाजूला ठेवायची आणि अर्थची क्लिप वेल्डच्या अगदी जवळ लावायची, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि ते आतून जळतं.

पुढच्या चाकांचं काय? वर केलेल्या हिशेबातले उरलेले १०० किलो त्या दोन लहान टायरांवर आहेत, आणि ते तुझ्या पायापेक्षाही खोल रुततील. बॅटरी सीटच्या मागे ने, हत्यारांचा डबाही मागे. पण इतकंही मागे नको की पुढचं टोक हलकं होऊन स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाईल. पुढे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकासारखे उभ्या कडांचे टायर मिळाले तर उत्तम.

कधी चालवायचं हे मशीनपेक्षा महत्त्वाचं. सोयाबीनच्या दिवसांत मुसळधार पावसानंतर लगेच माती पाण्यासारखी सरकते, तेव्हा एक वेळ चालेल. वाफसा आला की उत्तमच. त्याच्या मधले दिवस वाईट. मूठभर माती घे, गोळा दाब, मूठ उघड. गोळा बोटांना चिकटून राहिला तर मशीन छपरातच राहू दे.

पट्टा साफ करताना इंजिन बंद आणि प्लगची टोपी काढलेली, यात तडजोड नाही. गमछा गळ्यात नको, सैल पायजमा नको. सीटखालचा स्विच, माणूस उठला की इंजिन बंद करणारा, तो काढून टाकायला मिस्त्री सांगेल. ऐकू नकोस. कुणाला ओढून काढायचं असेल तर दोर धुऱ्याच्या खाली बांध. वर बांधलास तर पुढचं टोक उठून मशीन तुझ्यावर येईल. आणि नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, मग तो गावाचा डांबरी तुकडा का असेना. शेतापर्यंत छोटा हाथी टेम्पोतून ने, फळ्यांच्या उतारावरून हळू चढव आणि चढवताना मागे कुणाला उभं करू नकोस.

शेवटचं, मूळ चेसिसला कुठेही कापू नकोस. सगळं बोल्टवर बसव. काढलेलं पात्यांचं डेक, मागची चाकं, त्यांच्या चाव्या आणि वॉशर एका डब्यात घालून वर चिठ्ठी लाव. शेतघरासमोरचं गवत दसऱ्यापर्यंत गुडघ्याला लागतं, आणि तेव्हा काकू मला नाही, तुलाच विचारणार आहे.