ओढ ओसरते, मैत्री जोपासावी लागते



नगर जिल्ह्यातील एका विहारात वंदना आटोपल्यावर एका तरुणाने मला बाजूला घेऊन विचारले, "गुरुजी, लग्न झाले तेव्हा हिच्यावाचून करमत नव्हते. आता मी पदवीधर झालो, नोकरी लागली. हिच्याशी काय बोलावे तेच सुचत नाही. प्रेम संपले असे समजायचे का?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. घरात पहिली पदवी मिळविणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा आहे. खरे सांगायचे तर एके काळी तो माझाही होता. म्हणून त्याचा नीट विचार करू.

मराठीत 'राग' म्हणजे क्रोध. पालीत 'राग' म्हणजे आसक्ती. या शब्दाच्या मुळाशी रंग चढण्याचा अर्थ आहे. नवे लुगडे कितीही गडद असो, धुता धुता त्याचा रंग उतरतोच. जे उत्पन्न झाले ते बदलते, हा अनित्यतेचा नियम आहे. ओढ कमी झाली यात कोणाचाच अपराध नाही. परंतु रंग उतरला म्हणून वस्त्रच फेकून देणे हा विवेक नव्हे. वस्त्र टिकते ते सुतावर. संसाराचे सूत म्हणजे मैत्री. ओढ आपोआप येते आणि जाते. सूत मात्र रोज कातावे लागते.

बुद्धकाळात भग्ग देशी नकुलपिता व नकुलमाता हे उपासक दांपत्य होते. नकुलपिता गंभीर आजारी पडला. तेव्हा पत्नी त्याला म्हणाली की, चिंता करू नका, मला सूत कातता येते, मी मुलांना सांभाळीन, घर चालवीन. या धीरानेच तो बरा झाला, असे सुत्तात सांगितले आहे. तिच्या बोलण्यात शृंगार नाही, भरवसा आहे.

आपल्या जवळचे उदाहरण पाहा. बाबासाहेब व रमाबाई यांचा विवाह 1906 साली भायखळ्याच्या बाजारात झाला. 1913 साली बाबासाहेब अमेरिकेस गेले, 1920 साली पुन्हा विलायतेस. मागे रमाईने दारिद्र्य सोसले. पाच अपत्यांपैकी चार दगावली. एकीकडे परदेशच्या पदव्या, दुसरीकडे फारसे शालेय शिक्षण न मिळालेली पत्नी! 27 मे 1935 रोजी रमाई गेल्या. 1940 साली बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयक आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत रूपाचे वर्णन नाही. अंतःकरणाचा चांगुलपणा, शील, धैर्य आणि पडत्या काळातील सोबत यांची कृतज्ञता आहे. ओढीच्या दिवसांत हे गुण दिसत नाहीत. ते वर्षांनी दिसतात.

पण केवळ सोबत राहणे पुरेसे नाही. आपल्या पाथर्डी भागातून जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. घाम दोघांचा, परंतु उचल बहुधा नवऱ्याच्या हाती! सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : पत्नीचा सन्मान करणे, अपमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिला देणे आणि अलंकार देणे. यात ओढीची अट कोठेच नाही. ही कर्तव्ये ओढ ओसरल्यावरही पाळता येतात. किंबहुना तेव्हाच त्यांची खरी कसोटी लागते. मात्र दारू व मारहाण मुकाट्याने सोसणे म्हणजे मैत्री, असा अर्थ कोणी काढू नये.

मी त्या तरुणाला एवढेच विचारले, "तू कॉलेजात होतास तेव्हा खुरपायला कोण जात होते?" तो गप्प राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "तीच." मग मी म्हणालो, "बोलायला विषय नाही असे कसे म्हणतोस? त्या दिवसांविषयी तिला कधी विचारलेस का?"

स्वाध्याय :
1. आपल्या शिक्षणासाठी घरात कोणी काय सोडले, ते लिहून काढा.
2. या आठवड्यात पत्नीचा अथवा पतीचा सल्ला कोणत्या बाबतीत घेतला?
3. घरातील पैशाचा हिशेब दोघांना ठाऊक आहे काय?

उत्तरे मला पाठवू नका. घरी, दोघांनी मिळून वाचा.

जय भीम!